सेकंडहँड बीसीडी (डायव्हिंगचं जॅकेट) घेताना माझे 38,650 रुपये गेले

तीन महिने हे लिहायचं टाळत होते. लाज वाटत होती, दुसरं कारण नाही. पण परवा ओळखीतल्या एका मुलीने विचारलं, "ताई, डायव्हिंगचं जॅकेट स्वस्तात मिळतंय, घेऊ का?" आणि मोबाइलवर जो फोटो दाखवला तो बघून मी गप्पच झाले. तो फोटो माझ्या जॅकेटचा होता. जे जॅकेट आज माझ्या घरात माळ्यावर पडलंय, त्याचा.

मी नवखी नाही. 31 डाइव्ह झाल्यात. मालवणला पर्यटकांना पाण्यात नेतात तेव्हा इन्स्ट्रक्टर मागून धरून असतो, पाण्यात स्थिर राहायला जॅकेटमध्ये हवा किती भरायची, कधी सोडायची, सगळं तोच बघतो. स्वतः डाइव्ह करायला लागलं की ते काम आपल्या डाव्या हातातल्या इन्फ्लेटरवर, म्हणजे हवा भरायच्या-सोडायच्या बटणांवर, येतं. भाड्याची जॅकेटं माझ्या मापाची कधीच नसतात, हवा भरली की वर सरकून पार कानाशी येतात. म्हणून स्वतःचं हवं होतं, तेही पाठीत हवा भरणारं, कारण त्यात पाण्याखाली अंग आडवं राहतं. नव्याचा भाव 62,000 सांगितला. तेवढे नव्हते. यात माझं काय चुकलं?

विकणारा डोंबिवलीचा. "मूळचा मालवणचा" म्हणाला आणि दोन वाक्यं मालवणीत बोलला. माझं आजोळ देवगडचं, मी तिथेच विरघळले. "फक्त सहा वेळा वापरलंय ताई, 20 किलोची लिफ्ट आहे." लिफ्ट म्हणजे फुगलेलं जॅकेट किती वजन तरंगवतं ते. आपल्याकडच्या कोमट पाण्यात, तीन मिलिमीटरच्या सूटवर, एका सिलिंडरला एवढी लिफ्ट लागतच नाही. थंड पाणी, जाड सूट, दोन सिलिंडर असतील तर गोष्ट वेगळी. जो लिफ्टचा आकडा घोकतो आणि शिवण जवळून दाखवत नाही, त्याचा फोन तिथेच ठेवा.

34,000 ठरले. आधी 5,000 टोकन, मग 29,000. मग "नुकतंच सर्व्हिसिंग केलंय" म्हणून 3,200, आणि कुरियरचे 1,450. सर्व्हिसिंगची पावती मागितली तर "पार्सलमध्ये टाकतो". पार्सलमध्ये पावती नव्हती. खाली जायला लागणारी शिशाची वजनं ठेवायचे खिसेही नव्हते. त्यांचे वेगळे 4,000 मागितले, ते मात्र मी दिले नाहीत.

29,000 पाठवण्याआधी मी व्हिडिओ कॉल करायला लावला होता. म्हणजे आंधळेपणाने पैसे पाठवले नव्हते. त्याने जॅकेट सिलिंडरला जोडलं, फुगवलं, टम्म झालं. पण त्याचा अंगठा बटणावरून हलेना. दर दहा-बारा सेकंदांनी पुन्हा दाबायचा. "बटण किती मऊ आहे ते दाखवतोय," म्हणाला. मागे बारीक फुस्स आवाज येत होता. मी विचारलं, "आवाज कसला?" म्हणाला, "पंख्याचा." त्याच्या मागे भिंतीवर कॅलेंडर होतं आणि त्याचं पान जराही हलत नव्हतं. मला दिसलं होतं ते. डोळ्यांनी दिसलं होतं. आणि मी म्हटलं, "बरं, पाठवते." रात्री झोप लागत नाही ती त्या पानामुळे.

पैसे देण्याआधी जॅकेट व्हॉल्व्हमधून हवा सुटेपर्यंत फुगवून रात्रभर ठेवायला सांगा. सकाळी तसंच टणक हवं. आणि सिलिंडरमधून हवा आणणारी होज (नळी) काढून ठेवलेली दिसली पाहिजे.

पार्सल आल्यावर अकराव्या दिवशी साडेतीन मीटरच्या टँकमध्ये उतरले. थोडी हवा घ्यायला बटण दाबलं, ते आत गेलं ते वर आलंच नाही. जॅकेट फुगत गेलं, बरगड्या आवळल्या आणि मी वर फेकली गेले. साडेतीन मीटर होते म्हणून निभावलं. अठरा मीटरवर असते तर वर येताना तीच हवा आणखी फुगत गेली असती, वेग वाढत गेला असता, आणि घाबरून श्वास धरला असता तर फुप्फुसं फाटली असती. माणूस मरतो यात. बटण अडकलं तर होज ओढून काढायची आणि हवा सोडायची, हे डोळे मिटून जमायला हवं.

बाहेर आल्यावर इन्स्ट्रक्टरने जॅकेट कानाशी धरून हलवलं. आत मिठाचे खडे खुळखुळत होते. कोमट पाणी घालून उपडं केलं तर पांढरट, गढूळ पाणी पडलं. समुद्रातून आल्यावर आतून कधी धुतलंच नव्हतं. मीठ व्हॉल्व्हमध्ये बसलं, आतली पिशवी घासून गेली, आणि डाव्या खांद्याच्या शिवणीवर पंक्चरचं सोल्युशन फासलेलं. लेबलवरचा सीरियल नंबर खरवडलेला. नंबरचा फोटो आधीच मागा.

1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला. पैसे गेल्या गेल्या करायचा असतो, मी पार्सल आल्यावरही अकरा दिवसांनी केला. तोवर खातं रिकामं. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकला. ग्राहक आयोगाचं विचारलं तर वकील म्हणाले, तो व्यापारी नाही, स्वतःची जुनी वस्तू विकणारा माणूस आहे, तिथे टिकणार नाही. पोलीस चौकीत दोन तास बसवून ठेवलं. मग साहेब म्हणाले, "वस्तू मिळाली ना मॅडम? मग फसवणूक कसली? आणि पोहायचं जॅकेट आठशे रुपयांना मिळतं." लाइफ जॅकेट फक्त तरंगवतं, हे पाण्याच्या मधोमध स्थिर ठेवतं, यावर माझा जीव असतो, हे मी त्यांना उभं राहून समजावत होते आणि ते चहा सांगत होते. शेवटी "डोंबिवलीला जा". दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द कुठलीही असो नोंदवून घ्यायची, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये लिहिलंय. मी छापून नेलं होतं. कागद वाचलाही नाही. माझे पैसे गेले ते गेलेच, पण सदोष जॅकेट विकून उद्या कुणी बुडालं तर तेव्हाही "वस्तू मिळाली ना" म्हणणार का? ऑनलाइन तक्रार केली, तिची स्थिती अजून "प्रलंबित".

जाहिरात कालपर्यंत सुरू होती, आता किंमत 31,000. काळं जॅकेट, लाल किनार, डाव्या खांद्यावर बोटभर चकचकीत डाग, आणि मागे भिंतीवर ते कॅलेंडर.