हातखंब्याजवळचं ऑटो इलेक्ट्रिकल गॅरेज, एक्झॉस्ट ब्रेकचा फॉल्ट असेल तर इथे आधी दाखवा

हातखंबा तिठ्यावरून पालीच्या बाजूला लागलं की हायवेवर ट्रकवाल्यांची गॅरेजं आहेत, त्यातलंच हे एक. पत्र्याची शेड, बाहेर जुन्या बॅटऱ्यांचा ढीग, बसायला धड बाकडं नाय. तरी माझ्याकडून साडेचार स्टार, अर्धा का कापला ते खाली लिहितो.

आमची गाडी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातनं मासळी घेऊन कोल्हापूरला जाते आणि येताना भाजी भरून आंबा घाट उतरते, म्हणजे एक्झॉस्ट ब्रेक (सायलेन्सरच्या पाईपमधली पाकळी बंद करून इंजिनानेच गाडी आवरणारा) ही आमच्यासाठी चैन नाय. तोच कधी लागायचा कधी नाय, वर डॅशबोर्डवर इंजिनाची लाईट. घाटात नुसत्या पायाच्या ब्रेकवर लोडची गाडी उतरवली की ड्रम कसे तापतात आणि वास कसा सुटतो ते चालवणाऱ्यालाच माहीत. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये (नाव घेत नाय) स्कॅनर लावला, बिघाडाचा कोड आला पी ०४७५, मल्टीमीटर लावून वायरीत करंट बघितला, करंट पूर्ण मिळाला म्हणून लगेच निदान काय तर त्या पाकळीचा व्हॉल्व्ह गेला, अख्खी असेंब्ली बदला, आणि किंमत पाच आकडी.

इथल्या मेस्त्रींनी तोच कोड बघितला आणि म्हणाले, "हा सर्किटचा कोड आहे, वायरिंगकडे बघ सांगतोय, व्हॉल्व्ह विकत आण असं कुठे सांगतोय?" आणि खरंच तसंच आहे, ०४७५ म्हणजे एक्झॉस्ट प्रेशर कंट्रोल व्हॉल्व्हच्या सर्किटमध्ये गडबड, व्हॉल्व्ह नीट काम करत नाय त्याचा कोड वेगळा, ०४७६.

मग जे केलं ते बघण्यासारखं होतं. इंजिन थंड असताना पाईपमधल्या पाकळीचा लिव्हर हाताने फिरवून बघितला, कार्बनने जाम नव्हता. पाकळी फिरवणाऱ्या हवेच्या सिलेंडरला कॉम्प्रेसरची हवा थेट दिली, पाकळी फटकन बंद झाली आणि हवा कुठे लीक नाय. सोलेनॉईडला (त्या सिलेंडरला हवा सोडणारा विजेचा खटका) बॅटरीचा करंट सरळ दिला तर टक्कन आवाज. क्लच दाबला की हा ब्रेक सुटतो, म्हणून क्लचचा स्विच उगाच दाबलेला दाखवतोय का तेपण स्कॅनरवर बघून घेतलं. म्हणजे वर्कशॉपवाले जो पार्ट बदलायला निघाले होते तो ठणठणीत.

आता खरी गंमत. आमच्या गाडीत सोलेनॉईडला दोन वायरी, एकीत चावी ऑन केली की करंट येतो आणि दुसरी ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) अर्थ करतो. करंटच्या वायरीला मीटर लावला तर बॅटरीइतके व्होल्ट पूर्ण दाखवतोय, वर्कशॉपवाले इथेच फसले. मेस्त्रींनी त्याच वायरीला इंडिकेटरचा जुना बल्ब जोडला, तो नुसता लालसर मिणमिणला आणि मीटर धाडकन खाली. वायरीची एखादीच तार शाबूत असली तरी मीटरला व्होल्ट पूर्ण दिसतात कारण मीटर करंट जवळपास खेचतच नाय, लोड पडला की पितळ उघडं. मग वायर मागे मागे शोधत गेले तर चासीजवळ स्लीव्हच्या आत तांब्याची हिरवी पूड झालेली. कुणीतरी पूर्वी टेस्ट लॅम्पची सुई टोचून करंट बघितलेला, ते भोक तसंच राहिलं आणि मागच्या बॉडीतनं बर्फाचं खारट पाणी गळतं ते बरोबर तिथेच मुरत होतं. मासळीच्या गाडीवाल्यांनो, वायरीला सुई टोचू देऊ नका, कनेक्टर काढूनच चेक करायला सांगा, आणि टोचलीच तर भोक सील करून घ्या.

सडलेला तुकडा कापून नवीन वायर, सोल्डर, वर हीट श्रिंक, आणि लाईन गळतीपासून लांब वरच्या बाजूने नेली. कनेक्टरात ग्रीस. मग कोड पुसून लोडवर गाडी घाटात घालायला सांगितली आणि पैसे त्यानंतरच घेतले, असेंब्लीच्या किमतीपुढे किरकोळच. कोड परत आला नाय, स्विच दाबला की ब्रेक लागतोय.

आता अर्धा स्टार का कापला. फोन उचलत नाहीत, दुपारी जेवायला शटर ओढलं की कधी उघडेल नेम नाय, आणि पक्कं बिल मागितल्याशिवाय मिळत नाय. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा मिरकरवाड्यातल्या सगळ्या गाड्या दुरुस्तीला निघतात आणि इथे लाईन लागते, तर मे महिन्यातच दाखवून घ्या. बीएस ६ गाडीचा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) किंवा युरियाचा प्रॉब्लेम असेल तर ते स्वतःच हात लावत नाहीत, कंपनीत जा म्हणून सांगतात.