पैसे पीयूचे घेतले, मारले मात्र लॅकर

गुहागर तालुक्यातल्या आमच्या जुन्या घराची दुरुस्ती गेल्या वर्षी काढली, तेव्हा सागवानी दारे, चौकटी, देवघर आणि ओटीवरचा झोपाळा यांना स्प्रेने पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश करून घ्यायचे ठरले. समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर आहे आणि खाऱ्या, दमट हवेत साधे पॉलिश कसे उतरते हे आम्ही पूर्वी पाहिले होते, म्हणून महाग पडले तरी पीयूच हवे, हा आग्रह माझाच होता. ओळखीतून आलेल्या ठेकेदाराने चौरस फुटाला १९० रुपये दर सांगितला. काम ४१० चौरस फुटांचे, म्हणजे एकूण ७७,९०० रुपये झाले आणि त्यातले ५०,००० मी आगाऊ दिले.

पहिल्या दिवशी त्याने बेसचे आणि हार्डनरचे सीलबंद डबे पडवीत मांडून दाखवले व मी त्यांचा फोटोही काढला. कॉम्प्रेसर, नळी, गन असा सगळा सरंजाम पाहून काम जाणत्या हातात आहे असे वाटले. स्प्रेच्या कामात फसवणुकीला वाव मिळतो तो इथेच. गनच्या कपात काय ओतले हे ओतणाऱ्यालाच ठाऊक असते, आणि तुषार एकदा लाकडावर बसले की लॅकर हे साधे पॉलिश कोणते व पीयू कोणते, हे पहिले काही दिवस नुसत्या नजरेला कळत नाही.

स्प्रेने मारायचे पीयू बहुधा दोन घटकांचे असते. बेसमध्ये हार्डनर मिसळला की रासायनिक क्रिया सुरू होते आणि काही तासांत मिश्रण घट्ट होऊ लागते, म्हणून लागेल तेवढेच कालवायचे असते. साधे, म्हणजे एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर नुसता थिनर उडून गेल्याने वाळते आणि वाळल्यावरही थिनर लागला की पुन्हा विरघळते. एवढे मला तेव्हा माहीत असते तर लबाडी दुसऱ्याच दिवशी उघडी पडली असती. कारण त्या सकाळी कामगाराने आदल्या संध्याकाळचा उरलेला माल प्लॅस्टिकच्या बाटलीतून कपात ओतला, हे मी ओटीवर बसून पाहिले होते. हार्डनर घातलेले पीयू रात्रभरात बाटलीतच आळले असते. “माल फुकट कशाला घालवायचा, काका,” असे तो म्हणाला आणि मला त्याच्या काटकसरीचे कौतुक वाटले.

तिसऱ्या दिवशी पावसाची झड लागली आणि दारांवर पांढरट झाक आली. ठेकेदाराने दोष कोकणच्या हवेला दिला आणि तो अर्धा खरा होता. दमट हवेत थिनर झपाट्याने उडाला की पृष्ठभाग थंड पडतो, हवेतली वाफ त्यावर पाणी होऊन बसते आणि लॅकर दुधाळ दिसू लागते. ओलाव्याचा त्रास पीयूलाही होतो, परंतु तिथे हार्डनरची पाण्याशी क्रिया होऊन वायू सुटतो आणि बारीक बुडबुडे येतात. जाणता कारागीर अशा दिवशी काम थांबवतो आणि कॉम्प्रेसरच्या टाकीत साठलेले पाणी रोज काढून टाकतो. माझ्यासमोर ते पाणी काढायचा कॉक एकदाही उघडला गेला नाही. तरीही, गणपती तोंडावर आले होते म्हणून, मी उरलेले पैसे देऊन टाकले.

गणपतीत झोपाळ्यावर कोणी तरी गरम चहाचा पेला ठेवला आणि तिथे पांढरे वर्तुळ उमटले, ते पुसून जाईना. गावातल्या मेस्त्रींना बोलावले. त्यांनी सुनेकडून ॲसिटोनचे नेलपॉलिश रिमूव्हर मागून घेतले आणि त्यात भिजवलेला कापसाचा बोळा पाटाच्या खालच्या बाजूला मिनिटभर दाबून धरला. बोळा उचलला तेव्हा कापसाचे तंतू लाकडालाच चिकटून राहिले होते आणि बोट लावले तर काकवीसारखी तार येत होती. “हे पीयू नाही, अण्णा. साधे लॅकर मारलेय,” ते म्हणाले. पुरते मुरलेले पीयू असे विरघळत नाही. ही परीक्षा काम संपल्यावर दोन आठवड्यांनी, आड बाजूला करावी आणि शेवटचा हप्ता तोवर हातात ठेवावा.

मग मी जुने फोटो काढून पाहिले. शेवटच्या दिवशीच्या फोटोत हार्डनरचे डबे मागे दिसत होते, सील न फोडलेले.

ठेकेदाराने आधी कानावर हात ठेवले, नंतर फोन उचलणे बंद केले. माझ्याकडे पावती होती, पण तिच्यावर फक्त “पॉलिश काम” असे लिहिलेले होते, आणि याचे मला आजही वाईट वाटते. मालाचे पूर्ण नाव, दोन घटकांचे पीयू असल्याचा उल्लेख आणि दुकानाचे बिल मागायला हवे होते. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मी नोंद केली आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे फोटोंसह तक्रारही दिली. तिथे २ वर्षांच्या आत जावे लागते आणि मोबदला ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क पडत नाही.

लॅकरवर पीयूचा हात मारला तर खालचा थर सुरकुतण्याची भीती असते, म्हणून सगळे घासून लाकूड पुन्हा उघडे करणे भाग पडले. दिवाळीनंतर हवा कोरडी झाल्यावर मेस्त्रींनीच माणूस आणला. त्याने बेस आणि हार्डनर माझ्यासमोर मापून कालवले आणि त्यातले थोडे मी काचेच्या पेल्यात काढून खिडकीत ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पेला मी उपडा केला, तर आतून थेंबही सांडला नाही.