सासूबाईंच्या बाजूची फ्लॅप मोटर: नाना पेठेतून आणली, घरीच बसवली

पुण्यात नाना पेठेतल्या एका छोट्या दुकानातून २,१५० रुपयांना घेतलेली एसीची फ्लॅप मोटर, म्हणजे गार-गरम वारा वळवणारी आतली झडप फिरवणारी छोटी मोटर, मी स्वतः आमच्या गाडीत बसवली, त्याला आता सात आठवडे झाले. तेवढ्यात सोलापूरच्या दोन खेपा झाल्या, त्यातली एक ऐन मे महिन्यात, भर दुपारची. मोटर व्यवस्थित चालते आहे. घ्यायला हरकत नाही, हे आधीच सांगून टाकते. पण पार्ट चांगला निघाला एवढ्यावर हे काम भागत नाही. बसवण्याआधी एक गोष्ट तपासली नसती, तर ही मोटरही महिन्याभरात गेली असती. ती गोष्ट मला दुकानदारांनी सांगितली, म्हणून हा अभिप्राय मोटरीचा आहे तितकाच त्या दुकानाचाही आहे.

आमची गाडी सात जणांची, डिझेलची, नऊ वर्षांची. पुढच्या दोन सीटना वेगवेगळं तापमान लावता येतं. ड्रायव्हरशेजारची डावी सीट सासूबाईंची. त्यांचे गुडघे फारसे दुमडत नाहीत, मागच्या रांगेत चढणं त्यांना जमत नाही. पाडवा होऊन आठवडाभर झाला असेल, गाडी चालू केली की ग्लोव्ह बॉक्सच्या मागून टक-टक-टक असा आवाज यायला लागला. आठ-दहा सेकंद यायचा आणि थांबायचा. एसी गार होता, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

एप्रिलच्या मध्यावर हडपसरहून घरी येताना शेजारी बघितलं, तर आईंनी पदर तोंडाशी धरला होता. माझ्या अंगावर छान गार वारा येत होता. त्यांच्या बाजूच्या जाळीपुढे हात धरला तर गरम झोत. "आई, अहो सांगायचं नाही का?" म्हटलं, तर म्हणाल्या, "मला वाटलं खिडकीतनं ऊन लागतंय. चालतंय गं." किती दिवस त्यांनी तसंच सोसलं कोण जाणे. मला ते फार लागलं.

दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजला दाखवली. गॅस तपासला, तो बरोबर होता. मग सांगण्यात आलं की अख्खा डॅशबोर्ड उतरवून आतला पूर्ण खोका बदलावा लागेल, दोन दिवस आणि अठरा हजार रुपये. नेमकं काय बिघडलंय, असं मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा उत्तर "आतलं युनिट" एवढंच. माझे वडील एसटीच्या आगारात मेकॅनिक होते. गाडीखाली शिरण्याआधी ते पाच मिनिटं नुसते कान देऊन उभे राहायचे. मी गाडी परत आणली, चालू केली आणि ग्लोव्ह बॉक्सला कान लावला.

शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे आतली रचना समजून घ्यायला वेळ लागला नाही. डॅशबोर्डमागे प्लास्टिकचा मोठा खोका असतो. त्यात एसीची कूलिंग कॉइल असते आणि हिटरचीही एक छोटी जाळी असते, तिच्यातून इंजिनचं गरम पाणी फिरतं. ब्लोअरचा वारा आधी कॉइलवर गार होतो. त्यातला किती पुढे हिटरवरून जाऊ द्यायचा आणि किती थेट बाहेर सोडायचा, हे एक फ्लॅप ठरवतो. दोन बाजूंना वेगळं तापमान मिळतं ते दोन फ्लॅप असल्यामुळे. प्रत्येक फ्लॅपला आपापली मोटर. मुठीत मावेल एवढी काळी डबी, आत टेपरेकॉर्डरमध्ये असायची तेवढी मोटर, प्लास्टिकची दातेरी चाकं आणि फ्लॅप कुठवर आला हे कळवणारी एक कार्बनची पट्टी. आमच्या मोटरीला पाच तारा आहेत, दोन मोटरीच्या आणि तीन त्या पट्टीच्या. चाकाचा दाता तुटला की मोटर फिरत राहते, चाक घसरतं आणि टक वाजतं. फ्लॅप मात्र जिथल्या तिथे. आमचा हिटरच्या बाजूला अडकून बसला होता.

शनिवारी सकाळी काम काढलं. दहाच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवली आणि दहा मिनिटं थांबले, कारण ग्लोव्ह बॉक्सच्या वरच डाव्या सीटची एअरबॅग आहे. पिवळा प्लग दिसला की तिथे हात लावायचा नाही, हे मुलालाही बजावलं. तो नववीत आहे, टॉर्च त्याच्याकडे होता. ग्लोव्ह बॉक्सच्या दोन्ही कडा आत दाबल्या की तो खाली झुलतो. कडेची बारीक दोरी तेवढी सांभाळून सोडवायची. एसीचा फिल्टर तिथेच असतो, तोही ओढून बघितला. घड्यांमध्ये दसऱ्याच्या हाराच्या झेंडूच्या पाकळ्या होत्या, वाळून तपकिरी झालेल्या. बॉनेटला हार घातला की काचेखालच्या जाळीतून त्या आत ओढल्या जातात. फिल्टरही नवीन घेतला.

मोटरीला तीन स्क्रू. दोन समोर दिसतात, तिसरा वरच्या अंगाला, तो नुसता बोटाला लागतो. त्या एकासाठी पाऊण तास गेला. पाव इंची छोटा रॅचेट आणि साडेपाच मिलिमीटरचं सॉकेट नसेल तर हे काम सुरूच करू नका. सॉकेटच्या तोंडात ग्रीसचा ठिपका लावला की सुटलेला स्क्रू त्याला चिकटून राहतो, खाली खोक्याच्या फटीत पडत नाही. ही वडिलांची युक्ती. मोटर हातात आली तेव्हा साडेअकरा वाजले होते.

ती पिशवीत घालून नाना पेठेत गेले. दुकान दहा फुटांचं असेल, छतापर्यंत खोकी. काउंटरवर साठीचे एक काका. मी मोबाइलवर फोटो दाखवायला लागले तर म्हणाले, "ताई, फोटोवर मी देत नाही. जुनी आणलीय का?" आणलीच होती. त्यांनी बारीक स्क्रू ड्रायव्हरने कडेच्या खिट्ट्या उचलून डबी माझ्यासमोर उघडली. सगळ्यात मोठं पांढरं चाक काढून माझ्या तळहातावर ठेवलं. लागोपाठ दोन दाते मुळापासून गेलेले, आणि मधल्या भोकापासून निघालेली केसाएवढी चीर. बिघाड डोळ्यांनी दिसला. गॅरेजमध्ये मी दोनदा विचारलं होतं ते हेच.

मग त्यांनी नवीन मोटर काढली आणि जुनीशेजारी ठेवून एकेक गोष्ट जुळवली: लेबलवरचा नंबर, प्लगच्या पिना, दांड्याचा आकार, तिन्ही भोकं. "डाव्या-उजव्या दिसायला सारख्याच असतात, फिरतात उलट्या," म्हणाले. गाडीच्या कंपनीची हवी तर ४,६०० रुपये आणि चार दिवस. ही दुसऱ्या कंपनीची २,१५०, बिलावर सहा महिन्यांची हमी स्वतःच्या हाताने लिहून. नऊशेची एक बिनखोक्याची होती, ती मी विचारल्यावर दाखवली, पण "ही तुम्हाला नको" म्हणून परतही ठेवली.

पैसे घेण्याआधी त्यांनी विचारलं, "फ्लॅप हाताने फिरवून बघितला का?" मी बघितला नव्हता. "मग आधी तो बघा. दाता उगाच तुटत नाही. फ्लॅप जड लागला तर ही लावू नका, आधी तो मोकळा करा. आणि मोटरीचा दांडा हाताने पिळायचा नाही." एकदा गाडीत बसवलेली मोटर ते परत घेत नाहीत, हेही तेव्हाच स्पष्ट सांगितलं. मला ते योग्य वाटलं.

घरी येऊन फ्लॅपचा दांडा दोन बोटांत धरून फिरवला. अर्ध्याहून जास्त सहज फिरला आणि मग कशाला तरी टेकला. जोर केला नाही. पायाशी वारा सोडणारी नळी एका खिट्टीवर असते, ती काढली आणि मुलाने मोबाइल आत धरून फोटो काढले. तिसऱ्या फोटोत फ्लॅपच्या कडेशी काहीतरी चकाकत होतं. एक रुपयाचं नाणं, आडवं अडकलेलं. पाडव्याला आईंनी गाडीची पूजा करून डॅशबोर्डवर विडा मांडला होता, त्यावरचा रुपया. काचेवर वारा सोडणारी फट तिथेच असते, तिच्यातून तो आत घसरला. फ्लॅप दर वेळी त्या नाण्यावर आपटत होता, मोटर रेटत होती आणि शेवटी दाते गेले.

रुपयाचं नाणं स्टेनलेस स्टीलचं, पण चुंबकाला चिकटणाऱ्या जातीचं. हा प्रयोग मी सहावीला करून दाखवते. प्रयोगशाळेसाठी घेतलेला छोटा चुंबक तारेच्या टोकाला टेपने पक्का केला आणि पायाच्या नळीच्या भोकातून वर सरकवला. दोनदा नाणं निसटलं. तिसऱ्यांदा टक् करून चिकटलं आणि अलगद बाहेर आलं. या सगळ्यात दीड तास गेला, पण फ्लॅप या टोकापासून त्या टोकापर्यंत लोण्यासारखा फिरायला लागला. आईंच्या हातात नाणं दिलं, तर त्यांनी ते धुऊन देव्हाऱ्यात ठेवलं.

बसवणं त्यामानाने सोपं. दांड्याची एक बाजू सपाट असते, ती जुळेपर्यंत फ्लॅप फिरवायचा, मोटर नाही. इथे मोटरीची पहिली उणीव कळली: वरचं भोक किंचित हुकलेलं आहे. तिन्ही स्क्रू आधी सैल लावून मग थोडे थोडे आवळले, तेव्हा बसलं. एखादा आधीच घट्ट केला असता तर तिसरा लागला नसता. दुसरी उणीव, प्लगची खिट्टी नीट धरत नाही. मी एक केबल टाय बांधून टाकला. तिसरी, खोक्यात माहितीचा कागद नाही. दोन हजारांच्या वस्तूबरोबर चार ओळींचा कागद द्यायला हवा होता, कारण बसवल्यानंतरची पायरी अनेकांना माहीत नसते. आमच्या गाडीत बॅटरी जोडून इंजिन चालू न करता फक्त इग्निशन ऑन करायचं आणि दोन मिनिटं एसीच्या बटणांना हात लावायचा नाही. मोटर बारीक घुरघुरत एका टोकाला जाते, मग दुसऱ्या, आणि दोन्ही टोकं शिकून घेते. काही गाड्यांना यासाठी स्कॅनर लागतो, ते घेतानाच विचारून घ्या. बॅटरी काढल्यामुळे ड्रायव्हरची काच एका दाबात वर जाणं बंद झालं होतं. काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवल्यावर ते पूर्ववत झालं.

काम सुरू करण्याआधी शाळेतला थर्मामीटर दोन्ही जाळ्यांत धरून बघितला होता: उजवीकडे ९ अंश, डावीकडे ३४. बसवल्यावर डावीकडे १०. मी ते तीनदा वाचलं.

सात आठवड्यांनंतर सांगायचं तर आवाज जुन्या मोटरीपेक्षा थोडा जास्त आहे, तापमान बदललं की घुर्र ऐकू येतं. ब्लोअर चालू असला की कळत नाही. तापमान मात्र लावलं तेवढंच मिळतं. मे महिन्यात इंदापूरच्या पुढे बाहेर रस्ता तापून लखलखत होता, तेव्हा आईंनी शाल मागितली.

ज्यांच्या गाडीत ही मोटर डॅशबोर्डच्या अगदी मधोमध, खोक्यामागे आहे, त्यांनी घरी हात घालू नये, तिथे खरोखरच डॅशबोर्ड उतरवावा लागतो. ग्लोव्ह बॉक्स काढल्यावर समोर दिसत असेल तर एक सुट्टीचा दिवस, टॉर्च धरायला कोणीतरी आणि वर सांगितलेली हत्यारं पुरतात. दुकानात जाताना जुनी मोटर काढून घेऊन जा, नाहीतर काका रिकाम्या हाताने परत पाठवतील.

आमची उजवीकडची मोटर अजून मूळचीच, नऊ वर्षांची आहे. तिचा नंबर त्यांनी बिलाच्या मागे लिहून दिलाय. ते बिल मी गाडीच्या कागदांच्या पाकिटात ठेवलंय. आईंचा विडा या दसऱ्यापासून ताम्हनात मांडायचा, असं आमचं दोघींचं ठरलंय.