आबांची डावखुरी दुनळी : एक पावसाळा आणि एक सुगी वापरून झाल्यावर

उशिरा पिकणाऱ्या गरव्या भाताच्या राखणीत या दुनळी बंदुकीच्या डाव्या नळीने दगा दिला, म्हणून हे लिहायला घेतलं. चाप ओढला, आत घोडा पडल्याचा आवाज आला, पण बार झाला नाही. उजवी नळी बिनतक्रार चालत होती.

हत्यार बारा बोरचं. बाजूबाजूच्या २८ इंची नळ्या, बर्मिंगहॅमची बनावट, बॉक्सलॉक (घोडे आत झाकलेले), दोन चाप, रिकामी काडतुसं बाहेर फेकणारा इजेक्टर नाही. शेतीसंरक्षणाचा परवाना असलेल्यांना एवढ्यावरून कल्पना यावी. ही बंदूक आबांची. आमच्या राखणीतले ते सगळ्यात जुने शिकारी आणि जवळचे मित्र. त्यांचं बारावं झाल्यावर घरच्यांनी ठरवलं, बंदूक बाजारात जाऊ द्यायची नाही, राखणीतल्याच माणसाकडे द्यायची. घरात दुसऱ्या कुणाचा परवाना नव्हता.

कागदांचं आधी सांगतो, कारण बंदुकीचं पहिलं नुकसान तिथेच होतं. परवानाधारक गेला की बंदूक घरात ठेवता येत नाही. विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची. वारसाला स्वतःच्या नावावर हवी तर त्याने परवान्यासाठी अर्ज करायचा, बाकीच्या वारसांची ना-हरकत जोडायची. दुसऱ्या परवानाधारकाला द्यायची तर जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवायचं, आणि त्यानंतर ४५ दिवस गेल्याशिवाय हस्तांतर करायचं नाही. घेणाऱ्याच्या परवान्यावर जागा असली पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे दोनच बंदुका राहू शकतात, हे बऱ्याच जणांना ऐनवेळी कळतं.

जमा असताना बंदूक ओलसर खोलीत, कॅनव्हासच्या पिशवीत उभी होती. कॅनव्हास आणि चामडं दमट हवेत पाणी धरून ठेवतात. सुटताना उजव्या नळीवर वीतभर लांबीत तांबेरा होता. जमा करताना पावतीवर नुसता नंबर घेऊ नका. नळ्यांची, कुंद्याची (खांद्याला लागणाऱ्या लाकडाची), नळ्यांमधल्या वरच्या पट्टीची अवस्था लिहून घ्या, समोरच फोटो काढा. पावतीवर काहीच नसल्यामुळे आम्हाला तक्रार करायला जागा उरली नाही, आणि तो राग अजून गेलेला नाही. तांबेरा वरवरचा होता. पातळ तेल लावून तासभर मुरवलं आणि तांब्याच्या जुन्या नाण्याच्या कडेने हळू घासलं, तेव्हा निघाला. पॉलिश पेपर लावू नका, नळीचा काळा रंग जातो आणि पुढच्या पावसाळ्यात तिथेच पुन्हा गंज धरतो.

आता डाव्या नळीकडे. बार झाला नाही तर लगेच उघडायची नाही. तोंड सुरक्षित दिशेला धरून अर्धा मिनिट थांबायचं. काडतुसाच्या बुडातली, बार पेटवणारी टोपी उशिरा पेटू शकते. मग काडतूस काढून टोपी बघायची. टोपीवर पिनेने पाडलेला खळगा खोल, गोल आणि मधोमध असेल तर दोष काडतुसाचा. खळगा मधोमध पण उथळ असेल तर घोडा जोराने पडत नाही. खळगा बाजूला असेल तर काम दुरुस्तीवाल्याचं. आबा प्रत्येक रिकाम्या काडतुसाची टोपी बॅटरीत धरून बघायचे, ते याचसाठी.

इथे खळगा उथळ होता. कारण शोधायला वेळ लागला, पण ते पक्कं सापडलं. आबा उजव्या नळीतून एकच बार करायचे. डावी नळी भरलेली असायची ती जखमी जनावर अंगावर आलं तर. वर्षानुवर्षं एका बारात काम झालं, म्हणून डावा घोडा क्वचितच पडला आणि त्याच्या खोबणीत जुनं तेल चिकट होऊन बसलं. त्यावर, ते गेल्यावर, बंदूक जमा करण्याआधी घरच्यांनी ती प्रेमाने खोबरेलाने पुसली. पुसली म्हणजे पिनांच्या भोकांत चांगलं तेल सोडलं. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं. घाटाच्या पायथ्याला कार्तिकातल्या रात्री पारा त्याच्या बराच खाली उतरतो. पावसाळ्यात हीच नळी व्यवस्थित चालली होती, कारण तेव्हा तेल पातळ होतं.

उपाय सोपा आहे. नळ्या उतरवायच्या, अॅक्शन (घोडे-चापांचा यंत्राचा भाग) उभी धरायची, पिनांची भोकं खाली आणि मूठ वर, म्हणजे रॉकेल लाकडात जात नाही. भोकांतून आणि चापांच्या फटीतून पिचकारीने रॉकेल सोडायचं. पहिलं काळपट पिवळं येतं. स्वच्छ येईपर्यंत सोडत राहायचं. रात्रभर तशीच टांगून सुकवायची आणि दुसऱ्या दिवशी शिलाई मशीनच्या पातळ तेलाचे एकेक-दोन थेंबच द्यायचे. मग दोन्ही नळ्यांत खोट्या टोप्या (दारू नसलेली नकली काडतुसं) घालून घोडे पाडून बघायचे. दोन्ही आवाज सारखे टणक आले पाहिजेत. आमचे आता येतात.

एवढं करूनही फरक पडला नाही तर स्प्रिंग मऊ झालेली असते किंवा पिन झिजलेली असते. या बनावटीत घोडा आणि पिन बहुधा एकाच तुकड्याची असतात, म्हणून झिजली तर अख्खा घोडा करून घ्यावा लागतो. खालची पट्टी स्वतः उघडू नका. जुन्या इंग्लिश बंदुकांच्या स्क्रूंच्या खाचा इतक्या बारीक असतात की हार्डवेअरच्या दुकानातला स्क्रूड्रायव्हर त्यांत बसत नाही, नुसत्या कडा उडवतो. आमच्या बंदुकीच्या तीन खाचा अशाच उडाल्या, त्याही दुरुस्तीवाल्याकडे. आबांनी इतकी वर्षं त्यांना ओरखडा पडू दिला नव्हता.

दुरुस्तीवाल्याकडे बंदूक गेली ती कुंद्यासाठी. या दुनळीबद्दल माझं खरं म्हणणं तिथेच आहे. बाकी सगळं तेलपाण्याचं.

माशीपासून (नळीच्या टोकावरचा नेमाचा मणी) वरच्या पट्टीच्या मधोमध एक धागा ताणून बुडापर्यंत आणा. उजव्या खांद्याच्या बंदुकीत कुंद्याचं बूड धाग्याच्या किंचित उजवीकडे असतं. या बंदुकीत ते पाव इंच डावीकडे आहे. ही मुद्दाम डाव्या खांद्यासाठी वाकवलेली आहे. कुंद्याच्या वरच्या कडेला, उजव्या बाजूला, तळहाताएवढा भाग आरशासारखा गुळगुळीत झाला आहे आणि तिथला रंग बाकी लाकडापेक्षा गडद आहे. तिथे आबांचा डावा गाल टेकायचा. डाव्या बाजूचं लाकूड तसं नवंच वाटतं.

आबा डावखुरे नव्हते. कोयता, पेन, जेवण, सगळं उजव्या हाताने. पण त्यांचा नेम धरणारा डोळा डावा होता. नव्या पोराला बंदूक हातात देण्याआधी ते एकच चाचणी घ्यायचे. दोन्ही हात लांब करून पंजांची त्रिकोणी फट करायची, दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या फटीतून लांबच्या माडाचा शेंडा धरायचा, आणि मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याने शेंडा फटीत राहतो तो नेमाचा डोळा. डोळा डावा निघाला तर बंदूक डाव्या खांद्याला लावायची, हात कुठलाही असो. या एका चाचणीने आमच्याकडच्या किती पोरांचे बार वाया जायचे थांबले. हे शिकवणारा दुसरा माणूस आम्हाला भेटलेला नाही.

उजव्या खांद्यावरून ही बंदूक मारली की काय होतं? बंदुकीला मागची साईट नसते, डोळा हीच मागची साईट. डोळ्यापासून माशी साधारण एक यार्डावर. म्हणून डोळा एक सोळांश इंच सरकला की १६ यार्डांवर बार सुमारे एक इंच सरकतो. गालाजवळ या कुंद्याचा कल एक अष्टमांश इंच डावीकडे. उजव्या माणसाला तितकाच उजवीकडे हवा असतो. फरक पाव इंचाचा, म्हणजे १६ यार्डांवर बार चार इंच डावीकडे. पुठ्ठ्यावर तंतोतंत तसंच दिसलं. रानडुकराचं काळीज पुढच्या पायाच्या मागे, खाली असतं. तिथून चार इंच चुकलं की जनावर पोटात जखमी होऊन रानात जातं, आणि सकाळी कुणीतरी गवत कापायला त्याच रानात जाणार असतं. आबांना यापेक्षा कशाचाच धसका नव्हता.

सुगीपूर्वी माझं मत पक्कं होतं की कुंदा सरळ करून घ्यावा. गरम जवसाच्या तेलाने मूठ तापवून, साच्यात आवळून, अक्रोडाचं लाकूड एवढं वाकतं. ही ओळखीची पद्धत आहे. पण मुठीत जुनी चीर आहे, आतून खिळी मारून जोडलेली. तापवून वाकवताना ती उघडण्याची शक्यता मोठी. दुरुस्तीवाल्याने दुसरा मार्ग सुचवला, डावी बाजू तासायची. त्याचं म्हणणं कामाच्या दृष्टीने चूक नाही, आणि आबांच्या गालाची बाजू त्यात शाबूत राहिली असती. पण वाकवलेलं परत वाकवता येतं, तासलेलं लाकूड परत येत नाही. नकार दिल्यावर त्याने बंदूक परत द्यायला फार दिवस लावले, आणि न केलेल्या कामाचे पैसेही मागितले. ते दिले नाहीत.

आता कुंदा तसाच ठेवला आहे. पट्टीवर मागच्या बाजूला चिकटून बसणारी, काढता येणारी खाचेची साईट लावली आहे. तिची किंमत कुंद्याच्या कामापुढे काहीच नाही. खाच आणि माशी जुळली नाही की डोळा चुकीच्या जागी आहे हे लगेच दिसतं, आणि मान थोडी उजवीकडे सरकवून जुळवता येतं. उडत्या पाखरावर हे चाललं नसतं. आपल्याकडे मारा माळ्यावरून, बॅटरीत, थांबलेल्या जनावरावर, २० मीटरच्या आत. तिथे चालतं. पुठ्ठ्यावरचा बार मधोमध आला. शिवाय उद्या आबांच्या घरात कुणी परवाना काढला आणि त्याचा डोळा डावा निघाला, तर साईट काढली की बंदूक त्याच्या मापाची.

काडतुसांबद्दल एक धोका सांगायलाच हवा. या बंदुकीच्या नळ्यांच्या बुडाशी चपट्या भागावर अडीच इंच (काडतुसाच्या घराची लांबी) आणि ३ टन (दाब) अशी खूण आहे. अशा नळीत ६५ मिलिमीटरचंच काडतूस. ७० चं काडतूस न उडालेलं असताना त्यात आरामात बसतं, म्हणून लोक फसतात. काडतुसाची लांबी उडाल्यानंतरची मोजलेली असते. बार होताना त्याचं तोंड उघडतं, पुढच्या अरुंद भागात शिरतं आणि दाब वाढतो. खूण वाचता येत नसेल तर मापून घ्या. डुकरासाठी एलजी, म्हणजे मोठे छर्रेच, चार नंबरचे बारीक छर्रे नाहीत. जुनी कागदी काडतुसं पावसाळ्यात फुगतात. अडकलं तर ठोकून बसवू नका, बाजूला ठेवा.

ठेवायची कशी, हेही आबांचंच. साफ केल्यावर बंदूक नळीचं तोंड खाली करून उभी करायची. तोंड वर ठेवलं की तेल वर्षभर ओघळत कुंद्याच्या डोक्यात मुरतं, लाकूड मऊ पडतं आणि मग मुठीत चिरा जातात. ही दुनळी इतकी जुनी असून कुंद्याच्या डोक्याशी लाकूड अजून कोरडं आणि कठीण आहे. मुठीतली चीर आबांच्या आधीच्या मालकाच्या काळातली.

परवानगीबद्दल थोडक्यात. रानडुक्कर मारायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११ खाली लेखी परवानगी लागते, आणि मेलेलं जनावर सरकारी मालमत्ता असतं. आबांनी त्यातला घास कधी कुणाला उचलू दिला नाही, वनखात्याला कळवूनच पुढचं. गव्याला हात लावायचा प्रश्नच नाही. बॅटरीत डोळे लखलखले तर चापावरचं बोट काढा, कारण डुकराचे डोळे तसे चमकत नाहीत. चमकतात ते गुराचे, गव्याचे, सांबराचे, कुत्र्याचे. भातात खसखस झाली, डोळे दिसले, आणि मारली ती शेजाऱ्याची म्हैस, असं ज्या गावांत झालं आहे तिथे आबांसारखा माणूस माळ्यावर नव्हता.

डाव्या घोड्याला आता आठवड्याला खोट्या टोपीवर पाडतो, म्हणजे तेल पुन्हा बसत नाही. येत्या निवडणुकीत बंदूक जमा करावी लागली तर नळ्यांत पातळ तेलाचा बोळा फिरवून, सुती कापडात गुंडाळून द्यायची, कॅनव्हासची पिशवी घरी ठेवायची, आणि पावतीवर तीन खाचांसकट सगळं लिहून घ्यायचं.