गरगरतंय, पण कानामुळे की मेंदूच्या स्ट्रोकमुळे? घरच्यांनी ठरवायचं कसं

सकाळी उठता उठता वडिलांना गरगरायला लागतं, उलट्या होतात, उभं राहवत नाही. घरात कुणी म्हणतं पित्त वाढलं, कुणी म्हणतं साखर उतरली. बहुतेक वेळा प्रकरण साधंच निघतं. पण ब्रेनस्टेमचा, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या मस्तिष्कस्तंभाचा स्ट्रोक याच रूपात येऊ शकतो. तोंड वाकडं नाही, हात लुळा नाही, म्हणून अर्धांगाची शंकाही येत नाही आणि मोलाचे तास घरीच जातात.

मेंदूला रक्त नेणाऱ्या चार मुख्य रक्तवाहिन्या मानेतून वर जातात. पुढच्या दोन कॅरोटिड, मागच्या दोन व्हर्टिब्रल. मागच्या दोन्ही मणक्यांच्या छिद्रांतून चढतात आणि कवटीत एकत्र येऊन बेसिलर ही एकच वाहिनी होते. मस्तिष्कस्तंभाची भिस्त याच मागच्या रस्त्यावर. श्वास, गिळणं, डोळ्यांची हालचाल, शुद्ध, तोल हे सगळं तिथे दाटीवाटीने बसलेलं असल्यामुळे छोट्याशा जागेचं रक्त बंद झालं तरी नुकसान मोठं होतं. रक्त अडून होणाऱ्या स्ट्रोकपैकी साधारण पाचवा हिस्सा या मागच्या बाजूचा असतो.

कूस बदलली की गरगरतं, मिनिटाच्या आत थांबतं, स्थिर पडून राहिलं की बरं वाटतं, तर तो बहुधा आतल्या कानातले बारीक कण जागेवरून सरकल्याचा त्रास. खरी गफलत होते ती तासन्‌तास न थांबणाऱ्या चकरेत. कानाच्या नसेला सूज आली असेल तर माणूस एका बाजूला झुकत का होईना, पण आधाराने चालतो. मेंदूतल्या स्ट्रोकमध्ये अनेकांना पलंगाच्या कडेला आधाराशिवाय बसताही येत नाही. जोडीला एकाची दोन दिसणं, जीभ जड होणं, घोट न उतरणं, आवाज घोगरा होणं, न थांबणारी उचकी किंवा चेहऱ्याची एक बाजू आणि अंगाची दुसरी बाजू बधिर होणं यातलं काहीही दिसलं, तर घरी थांबू नका. ऐकू येणं अचानक कमी झालं म्हणजे कानाचंच, हाही भरवसा धरू नये. आतल्या कानाला रक्त देणारी बारीक वाहिनी बहुधा बेसिलरच्याच एका फांदीतून निघते. वय झालेलं, मधुमेह किंवा बीपी असलेलं माणूस असेल तर आधी मेंदू तपासायचा.

चक्कर सुरू असताना जाणकार डॉक्टर एक साधी तपासणी करतात. रुग्णाला आपल्या नाकाकडे बघायला सांगून, डोकं दोन्ही हातांत धरून झटकन थोडंसं वळवतात. कानाची नस बिघडली असेल तर नजर डोक्यासोबत घसरते आणि उडी मारून नाकावर परत येते. मस्तिष्कस्तंभाच्या स्ट्रोकमध्ये नजर बहुधा नाकावरच टिकते. म्हणजे सतत गरगरणाऱ्या माणसात ही चाचणी ‘नॉर्मल’ येणं हीच काळजीची खूण. घरी मात्र हे करून बघू नका, मानेतली वाहिनी फाटलेली असली तर उलट इजा होईल.

सीटी की एमआरआय? रक्तस्राव सीटीत लगेच दिसतो, म्हणून तो आधी काढतात. पण आजूबाजूच्या जाड हाडांमुळे इथला ताजा स्ट्रोक त्यात बऱ्याचदा दिसत नाही. एमआरआय खूपच सरस, तरी पहिल्या 48 तासांत तोही कधी कधी चुकतो. ‘सीटी नॉर्मल आहे’ एवढ्यावर डिस्चार्ज मागणं मला धोक्याचं वाटतं. लक्षणं टिकून असतील तर न्यूरोलॉजिस्टचं मत घ्याच.

निदान झालं की कारण शोधायचं, कारण पुढची औषधं त्यावरच ठरतात. बीपी आणि मधुमेहामुळे बारीक वाहिन्या बुजल्या किंवा बेसिलरमध्येच चरबीचा थर साचला, तर रक्तातल्या प्लेटलेट्स चिकटू न देणारी औषधं, कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन आणि बीपीवर ताबा. आशियाई लोकांत कवटीच्या आतल्या वाहिन्या अरुंद होण्याचं प्रमाण जास्त आहे. तिथे स्टेंट घालायचा सल्ला मिळाला तर दुसरं मत जरूर घ्या. अमेरिकेतल्या 2011 च्या सॅमप्रिस चाचणीत पहिल्या 30 दिवसांत स्ट्रोक किंवा मृत्यू स्टेंटच्या गटात 14.7 टक्के होते, नुसत्या औषधांच्या गटात 5.8 टक्के. हृदयाचे ठोके अनियमित पडून तिथली गुठळी वर गेली असेल तर औषध वेगळं, रक्त पातळ करणारं. तरुण माणसात मान किंवा डोक्याची मागची बाजू दुखून मग चक्कर आली असेल, तर व्हर्टिब्रलचं आतलं अस्तर फाटल्याचा संशय घ्यावा. सलूनमध्ये मसाजनंतर मान कडाकडा मोडून घेण्याची सवय इथेच नडू शकते. आधी तसं काही झालं असेल तर डॉक्टरांना सांगा. आणि बीपी खूप वाढून पॉन्समध्ये, म्हणजे मस्तिष्कस्तंभाच्या मधल्या भागात रक्तस्राव झाला असेल तर प्लेटलेट्स चिकटू न देणारी आणि रक्त पातळ करणारी औषधं घातकच.

बेसिलर पूर्ण बंद झाली असेल तर जवळचं छोटं रुग्णालय की लांबचं मोठं, हा प्रश्न येतो. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं, ते जवळ मिळत असेल तर तिथेच सुरुवात करून पुढे हलवावं. गुठळी तारेने ओढून काढायची सोय मात्र मोठ्या केंद्रातच असते. 2022 मध्ये चीनमधल्या दोन चाचण्यांनी त्याचा फायदा दाखवला. त्यातल्या अटेन्शन चाचणीत 12 तासांच्या आत गुठळी काढलेल्यांपैकी 46 टक्के लोक तीन महिन्यांनी कुणाच्या मदतीशिवाय चालू शकण्याइतके किंवा त्याहून बरे होते, नुसत्या औषधांवर 23 टक्के. असा सल्ला मिळाला तर मी होकारच देईन.

निघताना माणूस शेवटचा धडधाकट कधी होता ती वेळ आणि चालू गोळ्यांची नावं लिहून घ्या. पाणी पाजू नका, ठसका लागून फुप्फुसात जाईल. आपल्या मनाने अ‍ॅस्पिरिन किंवा बीपीची जास्तीची गोळीही देऊ नका. रक्तस्राव आहे की गुठळी, हे सीटीआधी कळत नाही.