फूटभर माती की तीन फूट? कोल्हापुरात बारमाही फुलबाग करताना

पंचगंगेकाठच्या काळ्या मातीत पहार सरळ खाली जाते. शहराबाहेरच्या माळावर तीच पहार वीतभर गेली की मुरमावर ठण्णकन वाजते. बाग दोन्हीकडे होते, पण सारखी होत नाही.

उथळ जागेत हंगामी फुलांवर भर द्यावा. पावसाळ्यात तेरडा, दसरा-दिवाळीला झेंडू, थंडीत शेवंती, उन्हात सदाफुली आणि ऑफिस टाइम (पोर्तुलाका). यांची बहुतेक मुळं वरच्या आठ-दहा इंचांतच असतात, त्यामुळे फूटभर माती पुरते. मात्र दर हंगामाला रोपं बदला, आणि एप्रिल-मेत रोज पाणी घाला. सुट्टीत आठवडाभर गावाला गेलात तर वाफा वाळलाच.

खोल मातीत जास्वंद, मोगरा, तगर, प्राजक्त, सोनचाफा एकदा लावले की वर्षानुवर्षं फुलतात. खालची ओल त्यांना उन्हाळ्यात तारते, पाणी दिवसाआड दिलं तरी चालतं. त्यामुळे अनेकांना वाटतं, खोल काळी माती म्हणजे निम्मं काम झालं. मला ते पटत नाही. आपल्याकडे जूनपासून पाऊस लागून राहतो, काळी माती पाणी धरून बसते, मुळांना हवा मिळत नाही आणि मोगरा, गुलाब पिवळे पडतात. अशा जागी खोली असूनही वाफा नऊ इंच उंच घ्यावाच. मुरमाड जागेत गुलाब याच पावसात तगतो, कारण पाणी निचरून जातं.

ठरवण्यापूर्वी दीड फूट खड्डा खणा, संध्याकाळी पाण्यानं भरा. सकाळी पाणी तसंच असेल तर तिथं झाड नको, उंच वाफाच बरा. जिरलं असेल तर मुरूम फोडून झाडापुरते खड्डे घ्या.

सगळीकडे भराव टाकायच्या भानगडीत पडू नका. पाचशे चौरस फुटांवर दोन फूट माती म्हणजे 10 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट). त्याऐवजी दोन फूट लांब-रुंद-खोल असे चार खड्डे 32 घनफुटांत भरतात, आणि दहा बाय चारचा फूटभर वाफा 40 घनफुटांत. दोन्ही मिळून पाऊण ब्रासच्या आत. मी माळावर हेच करीन: चार झाडं खड्ड्यांत, बाकी फुलं वाफ्यात. खड्ड्यात तिसरा हिस्सा कुजलेलं शेणखत घाला आणि माती जमिनीपेक्षा चार बोटं वर ठेवा. पहिल्या पावसात ती खाली बसतेच.