नवी इमारत की जुनी जागा? खानदेशात इस्लामी कलेचं संग्रहालय करायचं तर

बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत भिंतीवर अरबी लेख कोरलेला आहे, आणि त्याच मशिदीत देवनागरी अक्षरांत एक संस्कृत लेखही आहे. सुरुवात 'श्री सृष्टिकर्त्रे नमः' अशी. पुढे निर्गुण ईश्वराला वंदन, मग खानदेशावर राज्य केलेल्या फारुकी राजांची वंशावळ आणि शेवटी काळ: विक्रम संवत १६४६, शके १५११. मशीद बांधणाऱ्या आदिलशाह फारुकीला आपल्या घराण्याचं नाव या भाषेतही राहावंसं वाटलं. मी तो लेख पहिल्यांदा पाहिला तेव्हा 'शके' या शब्दावर बोट ठेवून कितीतरी वेळ उभी होते. आपल्या घरच्या पंचांगातला शब्द, मशिदीच्या भिंतीवर!

खानदेशात या वारशाचं संग्रहालय व्हावं असं वाटणारे शिक्षक, नाणी जमवणारे, एखाददुसरे नगरसेवक मला वरचेवर भेटतात. त्यांची गाडी एकाच प्रश्नापाशी अडते. मोठ्या शहरात नवी इमारत उभारून वस्तू तिथं आणायच्या, की वस्तू आणि वास्तू जिथं आहेत तिथं माणसं न्यायची? दोन्ही वाटा जगात चाललेल्या आहेत. माझा कौल दुसरीला आहे, तो का ते सांगते. पण पहिलीकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे, म्हणून आधी ती.

पहिल्या वाटेचं ठळक उदाहरण म्हणजे कॅनडातल्या टोरांटोचं, इस्माइली मुसलमानांच्या धर्मगुरूंच्या नावाचं आगा खान संग्रहालय. खरं तर ते लंडनला व्हायचं होतं. तिथली जागा मिळाली नाही आणि २००२ साली टोरांटोचं नाव जाहीर झालं. २०१० मध्ये पायाभरणी झाली, सप्टेंबर २०१४ मध्ये दार उघडलं. इमारत जपानच्या फुमिहिको माकींची. त्याच आवारात इस्माइली केंद्र आहे, ते आपल्या मुंबईच्या चार्ल्स कोरियांनी रचलेलं. दोन्हींच्या मध्ये चारबागेच्या, म्हणजे चार भागांत आखलेल्या बागेच्या, धर्तीवरची बाग आणि पाण्याचे हौद. संग्रहात हजाराच्या वर वस्तू आहेत आणि त्यांत इब्न सीनाच्या वैद्यकग्रंथाचं अकराव्या शतकातलं हस्तलिखितही आहे. पैसा आगा खानांच्या संस्थांचा होता. शहरानं द्यायची होती ती मान्यता आणि करायचं होतं ते स्वागत.

हे स्वागतही फुकट पडलं नाही. त्या जागेवर बाटा कंपनीचं १९६०च्या दशकातलं मुख्यालय होतं आणि आधुनिक वास्तुकलेचा चांगला नमुना म्हणून ते राखावं असं अनेकांना वाटत होतं. २००७ मध्ये ते पाडलं गेलं. एक वारसा आणताना दुसरा हलवावा लागतो, हे आपल्याकडे जागा शोधताना आधीच लक्षात घेतलेलं बरं. जुना वाडा पाडून त्यावर वारशाचं संग्रहालय बांधायची कल्पना कुणी मांडली, तर मी तरी विरोधात उभी राहीन.

कतारमधल्या दोह्याचं इस्लामी कलेचं संग्रहालय २००८ मध्ये उघडलं. पुढे कधी शेजारी उंच इमारती येऊन ते झाकलं जाऊ नये म्हणून वास्तुकार आय. एम. पेई यांनी समुद्रात भराव घालून वेगळं बेटच मागून घेतलं. एवढं बळ आपल्यापाशी नाही, पण तिथली एक वस्तू मात्र खानदेशाशी थेट बोलते. शाहजहानसाठी घडवलेला, जेड या मौल्यवान दगडाचा एक ताईत तिथं आहे. त्याला 'हौलदिली' म्हणतात, छातीतली धडधड शांत व्हावी म्हणून गळ्यात घालायचा. त्यावर हिजरी १०४१ हे वर्ष आहे, म्हणजे इसवी सन १६३१-३२. मुमताज महल बुऱ्हाणपुरात गेली ती जून १६३१ मध्ये. तिला आधी तापीपलीकडे झैनाबादच्या बागेत पुरलं होतं आणि काही महिन्यांनी आग्र्याला नेलं. ताईत दोह्याच्या काचेआड, बाग तापीकाठी. ताईत पाहायला विमानाचं तिकीट लागतं. बाग पाहायला भुसावळहून तासाभराची रेल्वे पुरते.

माझा कौल दुसऱ्या वाटेला का, ते इथंच दिसतं. टोरांटोकडे जुनी जागा नव्हती, म्हणून वस्तू आणाव्या लागल्या. आपल्याकडे जागा आहेत, आणि हलवता येण्याजोग्या वस्तू त्या मानानं थोड्या. फिरोजशाह तुघलकाकडून थाळनेर-करवंदचा मुलूख मिळालेल्या मलिक राजानं १३८२च्या सुमारास फारुकी सत्ता उभी केली. ती १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती गेला तेव्हा संपली. सव्वादोनशे वर्षांच्या या राज्याची खरी संपत्ती दगडात आहे: थाळनेरच्या कबरी, असीरगड, बुऱ्हाणपूरची बिनघुमटाची, पंधरा कमानींची मशीद. मुघल सरदार अब्दुर्रहीम खानखानाच्या काळातला, १६१५चा कुंडी भंडारा तर जमिनीखाली आहे. सातपुड्यातून तापीकडे झिरपणारं पाणी भुयारात अडवून, एकामागून एक कुंड्यांतून, नुसत्या उतारानं शहरात आणलेलं. तिथं खाली उतरून गार भिंतीला हात लावल्यावर जे कळतं ते कुठल्याही दालनातल्या नकाशावरून कळणार नाही.

थाळनेरला मी शिरपूरहून रिक्षानं गेले होते. रिक्षावाल्या दादांनी विचारलं, "आठे काय शे देखाले?" कबरींपाशी पोचल्यावर तेही उतरले. अष्टकोनी कबरीच्या भिंतीवरच्या नक्षीवरून त्यांनी हळूच बोटं फिरवली, मग फोन काढून घरच्यांना फोटो पाठवले. आयुष्य त्याच तालुक्यात गेलेलं, पण ही फारुकींची राजधानी होती हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तिथं गरज आहे ती सांगणाऱ्याची: मराठीत, अहिराणीत आणि उर्दूत नीट लिहिलेली माहिती, सावली, पिण्याचं पाणी, आणि दोन खोल्यांचं दालन.

ते दालन कुठं बांधायचं याला कायद्याची चौकट आहे. वास्तू केंद्राच्या संरक्षित यादीत असली की तिच्यापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही, आणि पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. म्हणून जागा आधी मोजायची, नारळ मग फोडायचा.

कागदाचं मात्र वेगळं आहे, आणि इथं मला पहिली वाट पटते. फारसी सनदा, कुराणाच्या जुन्या प्रती, मोडी-फारसी द्विभाषी कागद अजून घराघरांत आहेत. माझ्या ओळखीच्या एका घरात सनदेची गुंडाळी उघडली तर शिक्क्याच्या भोवतीचा कागद वाळवीनं जाळीसारखा केलेला होता. अक्षरं गेली, नुसती शिक्क्याची लाख उरली. कागदाला ५० लक्सच्या आसपासचा मंद उजेड आणि स्थिर तापमान-आर्द्रता लागते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि नेमकी तेव्हाच वीज जाते. थाळनेरच्या दोन खोल्यांत हे झेपणार नाही. त्यासाठी शहरच हवं, आणि ते माझ्या मते धुळे. ज्या गावानं इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं केलं आणि समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी बाडं जपली, त्याला कागद सांभाळायची सवय आहे. जळगावचं गांधी तीर्थ २०१२ पासून चालू आहे. आपल्या हवेत, आपल्या माणसांच्या हातून आधुनिक संग्रहालय चालवता येतं, हे ते पाहिल्यावर पटतं. देणगीदार शोधताना हेच उदाहरण दाखवा, टोरांटोचं नको. तो खर्च ऐकूनच लोक उठून जातील.

घरातले कागद देताना दात्याला एक भीती असते: सरकार जप्त तर करणार नाही ना? १९७२च्या पुरावस्तू कायद्यानं अशा वस्तू देशाबाहेर नेता येत नाहीत, आणि ७५ वर्षांपेक्षा जुनं महत्त्वाचं हस्तलिखितही पुरावस्तूत मोडतं. पण नोंद करून घरी ठेवायला अडचण नाही. मूळ प्रत घरीच राहू द्या, आधी चांगले स्कॅन घ्या, असं सांगितलं की माणसं कपाट उघडतात.

"आत्ता हे कशाला?" असं विचारणारेही भेटतात, हिंदू आणि मुसलमान, दोन्हीकडचे. मी त्यांच्याशी वाद घालत नाही, पहिल्या परिच्छेदातला संस्कृत लेख दाखवते.

बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात गेलं, ही मोठी अडचण. दोन राज्यांचं एक संग्रहालय होणं कठीण, पण शाळांची एक सहल होऊ शकते: पहिल्या दिवशी धुळे आणि थाळनेर, दुसऱ्या दिवशी बुऱ्हाणपूर. डिसेंबर-जानेवारीत न्या. थाळनेरला सकाळी लवकर पोचा, तिरप्या उन्हातच ती नक्षी उठून दिसते. जामा मशिदीत नमाजाची वेळ सोडून जा, शुक्रवारची दुपार टाळा, आधी विचारून आत या, आणि संस्कृत लेखासाठी एक चांगली बॅटरी जवळ ठेवा.